धार कुठे बोथट होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नामवंत दिग्दर्शक उतरणीला लागला की ‘आता वय झालं’ म्हणून आपण मोकळे होतो. हे अन्यायाचे आहे. आधी श्रेयनामावली पाहा: जुने पटकथाकार, छायालेखक, संकलक एकेक करून गळालेले दिसतात. ‘शोले’ (१९७५) रमेश सिप्पींचा खराच, पण पटकथा जावेद अख्तर आणि आपल्या इंदूरचे सलीम खान यांची, संकलन एम. एस. शिंदे यांचे. ‘हा प्रसंग काढा’ असे तोंडावर सांगणारा माणूस गेला की लांबी वाढते आणि पकड सुटते.

दुसरे कारण सुबत्ता. ३५ मि.मी. फिल्मचे हजार फुटांचे रीळ जेमतेम ११ मिनिटे चाले, म्हणून तालीम आधी पक्की होई. आता डिजिटल कॅमेरा चालूच राहतो आणि निर्णय संकलनावर ढकलला जातो. तिथे तासन्‌तासांच्या चित्रणात मूळ प्रसंग बुडतो.

निर्मात्यांनी एवढे करावे: पहिला कट, म्हणजे चित्रपटाची पहिली जोडणी, संकलकाला एकट्याने करू द्यावा, दिग्दर्शकाने तो नंतरच पाहावा. आणि पटकथेचे वाचन पगारी मंडळींसमोर नको, बाहेरच्या दोन-चार परखड लोकांसमोर व्हावे.

काही चित्रपटप्रेमी, इंदूर