सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र : बुधवारची मीटिंग कुठे भरते?

मा. मंत्री,
सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षिका आहे. माझा धाकटा भाऊ दारुडा आहे. ‘होता’ असं लिहिणार होते, पण दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमध्ये ‘होता’ म्हणत नाहीत, हे त्यानंच मला शिकवलंय. आज प्यायला नाही, एवढंच म्हणायचं.

गेल्या वर्षी ३५ दिवस व्यसनमुक्ती केंद्रात राहून तो घरी आला. निघताना हातात गोळ्यांची चिठ्ठी आणि एक कागद दिला होता, जवळपासच्या ए.ए. मीटिंगच्या पत्त्यांचा. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट. समुपदेशक बाईंनी बजावलं होतं, “पहिले तीन महिने मीटिंग चुकवायची नाही.” बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून कागदावरच्या शाळेत गेलो. फाटकाला कुलूप. शिपाईमामा म्हणाले, “ते लोक होय? दोन वर्षं झाली की. बेवडे जमतात म्हणून पालकांनी ओरडा केला, संस्थेनं खोली काढून घेतली.” नवी जागा त्यांना ठाऊक नव्हती. रस्त्यापलीकडे ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ ही पाटी ट्यूबलाइटखाली लख्ख वाचता येत होती. भाऊ तिकडे बघत नव्हता. माणूस मुद्दाम बघत नाही, तेही दिसतंच की.

त्या दुकानाला परवाना आहे, ठरलेली वेळ आहे, उत्पादन शुल्क खात्याच्या दप्तरी नोंद आहे. दारू सोडलेली माणसं कुठे बसतात, हे मात्र आमच्या तालुक्यातल्या एकाही सरकारी फलकावर मला सापडलं नाही. दवाखान्यात विचारलं, पंचायत समितीत विचारलं. एकानं तर पोलीस ठाण्यात चौकशी करायला सांगितलं! तिसऱ्या आठवड्यात औषधांच्या दुकानदारानं बिल देता देता हळू आवाजात पत्ता सांगितला. बावीस किलोमीटरवर, एका मंगल कार्यालयाच्या मागची खोली. त्या तीन आठवड्यांत भावाची एकदा स्लिप झाली होती, म्हणजे तो पुन्हा प्यायला होता. त्याचा दोष मी कुलपाला देत नाही, तोही देत नाही. पण कुलूप होतं, हे खरं.

साहेब, मीटिंगनं सगळं होतं असं माझं म्हणणं नाही. रोज पिणाऱ्यानं एकदम दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरच हवा. पण डॉक्टरकडून घरी आल्यावर पुढची संध्याकाळ काढायची कशी, हे ज्यानं स्वतः काढलीय तोच सांगू शकतो. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर बाजारवाला आणि एक सर्जन याच एका गोष्टीवर एकत्र आले. दोघंही पिणारे. ए.ए. तिथूनच सुरू झालं. आपल्या देशात हे काम १९५७ मध्ये सुरू झालं. फी नाही, हजेरीपट नाही, आडनावही कुणी विचारत नाही.

केंद्र सरकारच्याच २०१९ च्या पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसली ना कसली मदत मिळते. उरलेल्या सदतीस जणांच्या घरी माझ्यासारखी एखादी बहीण किंवा बायको असेलच. त्यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाच्या, वेगळ्या मीटिंग असतात, हे मला कळायला वर्ष गेलं.

मी निधी मागत नाही. मागितला तरी ए.ए.वाले घेणार नाहीत. बाहेरचा पैसा घ्यायचा नाही, हा त्यांचा जुना दंडक आहे, खोलीचं भाडंसुद्धा ते स्वतः भरतात. म्हणून फुकट नको. जिल्हा परिषदेची शाळा, समाजमंदिर, वाचनालय, जे संध्याकाळी रिकामं असतं ते आठवड्यातून दीड तास रास्त भाड्यानं द्या. आणि ‘बेवडे येतात’ एवढ्यावरून ते काढून घेता येणार नाही, असा आदेश काढा. बेवडे येणारच. त्यासाठीच तर खोली हवी.

दुसरं म्हणजे यादी. जागा, वार, वेळ आणि ओळखीची खूण, बस्स. कुणाचं नाव नको, मेंबरचा फोन नको. दर तीन महिन्यांनी कुणीतरी त्या वेळेला जाऊन दार उघडं आहे का ते बघायचं आणि मगच ती यादी ग्रामीण रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, एस.टी. स्टँडवर लावायची. १४४४६ या व्यसनमुक्तीच्या टोल फ्री नंबरवर बसलेल्यांच्या हातातही तीच यादी द्या. राज्याचं २०११ चं व्यसनमुक्ती धोरण मी भाषणांत ऐकलंय, मला ते स्टँडवरच्या फलकावर वाचायचंय. (मीटिंग नऊला सुटते आणि आमच्या गावची शेवटची गाडी सव्वाआठला. एस.टी. तुमच्या खात्यात येत नाही, ठाऊक आहे. मंत्रिमंडळात शेजारी बसलेल्यांना सांगून बघा.)

आता आमच्याच गावात मीटिंग सुरू झालीय. दर बुधवारी साडेसातला, किल्ली भावाकडे असते. महिन्यातली शेवटची मीटिंग ओपन असते, तेव्हा बाहेरच्यांनाही बसता येतं. या एकदा. चहा मिळेल. शेवटी वर्गणीची पिशवी फिरेल, तिच्यात मात्र तुम्ही काही टाकू नका. ती फक्त मेंबरांसाठी असते.

आपली,
एका मेंबरची ताई