झ्यूसची ओळ पौलाच्या तोंडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती धर्म म्हणजे ग्रीक देवकथांची नक्कल, असा सूर लावणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. ग्रीकांचा मद्यदेव डायोनिसस आणि येशू यांच्यातल्या साम्यांची त्यातली यादी दर नाताळात मोबाइलवर फिरत असते. डायोनिसस २५ डिसेंबरला जन्मला, असे एकही प्राचीन ग्रीक लेखक सांगत नाही. पण ही यादी फेकून दिली तरी ग्रीकांचे ऋण उरतेच. ते देवळाच्या गाभाऱ्यापेक्षा तत्त्वज्ञांच्या ओसरीवर शोधावे लागते. स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञांच्या पंथाचे नावच मुळी ‘स्टोआ’ म्हणजे खांबांच्या ओसरीवरून पडले.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सतरावा अध्याय पाहा. ख्रिस्ती धर्माचा प्रचारक पौल अथेन्समध्ये बोलतो आहे, समोर स्टोइक आणि एपिक्युरियन या दोन तत्त्वपंथांची मंडळी. यहुद्यांच्या मोशेचे नाव तो काढत नाही. ‘आपणही त्याचाच वंश आहोत’ ही अ‍ॅराटस कवीची ओळ म्हणून दाखवतो. मूळ कवितेत हा ‘तो’ म्हणजे चक्क ग्रीकांचा देवराज झ्यूस! अ‍ॅराटस सोलीचा, पौल तार्ससचा, दोघेही किलिकिया प्रांताचे. आपल्या मुलखातला कवी तोंडपाठ असणारच. पुढे मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा विषय निघाला आणि काही श्रोते थट्टा करू लागले. आत्मा अमर, देह त्याची कैद, हे प्लेटोचे शिक्षण. त्यात वाढलेल्यांना मेलेला देह उठतो हे कसे पटावे? हा विश्वास यहुदी मातीतला. नक्कल म्हणणाऱ्यांनी या हशाचा विचार करावा.

सिद्धांताची भाषा मात्र ग्रीकच. योहानाच्या शुभवर्तमानातले ‘प्रारंभी शब्द होता’ यातला शब्द म्हणजे ‘लोगोस’. विश्व चालवणारे सूत्र या अर्थाने तो इफिसस शहरातल्या हेराक्लिटस या तत्त्वज्ञाने येशूच्या पाचशे वर्षे आधी वापरला, स्टोइकांनी रुळवला. अलेक्झांड्रियाच्या फिलो या यहुदी विचारवंताने त्याची यहुदी धर्माशी सांगड घातली. योहानाने आपले शुभवर्तमान इफिससलाच लिहिले असे परंपरा मानते. इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे बिशपांच्या परिषदेत पुत्र (येशू) पित्याशी (देवाशी) ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच सत्त्वाचा, असे ठरले. हा शब्द बायबलमध्ये कुठेही नाही. सत्त्वाची ही परिभाषा ग्रीक तत्त्वज्ञानातली.

पुत्र पित्याच्या बरोबरीचा की नाही, हे वाद विद्वानांपुरते राहिले असते तर गोष्ट वेगळी. निस्साचा बिशप ग्रेगरी चौथ्या शतकाच्या अखेरीस वैतागून सांगतो, की कॉन्स्टँटिनोपलमध्ये पावाचा भाव विचारावा तर पिता थोर आणि पुत्र दुय्यम असे उत्तर मिळते. न्हाणीचे पाणी तयार आहे का विचारावे, तर पुत्र शून्यातून झाला म्हणतात. (आपल्याकडे चहाच्या टपरीवर राजकारण चालते तसेच हे.) ग्रीक ही बाजारपेठांची भाषा होती म्हणून धर्म तिच्यातून झपाट्याने पसरला. अर्थात, नुसत्या विचाराच्या जोरावर साम्राज्य धर्मांतरित होत नाही. ३१३ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती धर्माला मुभा मिळाली, ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने निकेयाचे मत हाच अधिकृत धर्म ठरवला आणि ३९१-९२ मध्ये जुन्या देवांना बळी देण्यावर बंदी घातली. ज्यांच्या तत्त्वज्ञांची भाषा उचलली, त्यांचीच देवळे ओस पडली. लेखात यातले काहीच नाही.

लेखकाला ग्रीक ठसा पाहायचाच असेल, तर दूर जायला नको. मराठी बायबलमधला ‘बाप्तिस्मा’ हा सरळ ग्रीक शब्द आहे. मूळ अर्थ पाण्यात बुडवणे. गोव्यात चर्चला ‘इगर्ज’ म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून आला आणि तो ग्रीक ‘एक्लेसिया’वरून. अथेन्समध्ये एक्लेसिया म्हणजे नागरिकांची सभा, जिथे हात वर करून मत देत.

आपला,
एक वाचक, वसई