शिलाजीत घेताना आधी काय पाहावे?

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की आपल्या इंदुरात शिलाजिताची मागणी वाढते. जडीबुटीची दुकाने, दवा बाजार, रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून बसणारे विक्रेते आणि आता मोबाइलवरून घरपोच येणाऱ्या डब्या, अशा सर्व वाटांनी ते राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगरातील मराठी घरांत पोहोचते. मी अनेक वर्षे औषधनिर्माणशास्त्र शिकवले असल्याने ओळखीची ज्येष्ठ मंडळी मला विचारतात की चिकट घट्ट स्वरूपातले घ्यावे, चूर्ण घ्यावे की कॅप्सूल. प्रश्न रास्त आहे, परंतु त्याच्या आधी विचारायचा प्रश्न बहुतेकांकडून सुटतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

शिलाजीत म्हणजे निव्वळ खनिज नव्हे. हिमालयासारख्या उंच पर्वतांच्या कपारींत वनस्पतींचे अवशेष दीर्घकाळ कुजून खडकाशी एकजीव होतात आणि उन्हाच्या तापाने तो काळसर स्राव बाहेर पडतो. त्यात मोठा वाटा ह्युमिक आणि फुल्विक आम्लांचा असतो, खनिजे त्यामानाने थोडी. कपारीतून खरवडून काढलेल्या कच्च्या मालात माती, वाळू, बुरशी आणि खडकातील जड धातूही असू शकतात. म्हणूनच आयुर्वेदाने शोधनाचा, म्हणजे शुद्धीकरणाचा, आग्रह धरला आहे. कच्चा माल गरम पाण्यात किंवा त्रिफळ्याच्या काढ्यात विरघळवायचा, गाळायचा आणि पाणी आटवायचे. उन्हात आटवले तर सूर्यतापी, विस्तवावर आटवले तर अग्नितापी. हे शोधन कोणी केले आणि त्यानंतर तो माल कोणी तपासला, हाच तो पहिला प्रश्न. याचे उत्तर मिळत नसेल तर डबी, पुडी आणि कॅप्सूल यांत निवड करण्यात काहीच अर्थ उरत नाही.

घट्ट स्वरूपाकडे लोकांचा ओढा अधिक आहे आणि त्याला कारणही आहे. त्यावर प्रक्रिया कमी झालेली असते, आणि रंग, वास, चिकटपणा, पाण्यात विरघळण्याची रीत हे सारे स्वतः पाहता येते. मात्र मात्रेच्या बाबतीत हे रूप सर्वांत बेभरवशाचे आहे. वेष्टनावर ‘वाटाण्याएवढे’ किंवा ‘तांदळाच्या दाण्याएवढे’ असे लिहिलेले असते आणि प्रत्येक घरातला वाटाणा वेगळा निघतो. त्यातच आपल्याकडच्या मे महिन्यात ते पातळ होऊन चमच्यावरून ओघळते आणि डिसेंबरात इतके कडक होते की सुरीने टवका काढावा लागतो. दिवसाला 250 ते 500 मिलिग्रॅम एवढीच मात्रा घ्यायची असताना या अंदाजाने ती सहज दुप्पट होते. डबीसोबत मोजमापाचा छोटा चमचा येतो, तो फेकून देऊ नये.

घरगुती परीक्षांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यांच्यावर लोकांचा फार विश्वास आहे. खरे शिलाजीत विस्तवावर धरल्यास ज्वाला न घेता फुगते आणि पाण्यात टाकल्यास तंतू सोडत विरघळते, ही लक्षणे रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या खनिज-धातूंच्या औषधांच्या शास्त्रात, सांगितलेली आहेत आणि त्या काळी ती उपयोगी होती. आज माळव्यातील शेतकरी सोयाबीन-लसणासाठी कृषी केंद्रातून जे ह्युमिक आम्ल आणतो, तेही काळे असते आणि पाण्यात विरघळते. दगडी कोळशाच्या जातीच्या खनिजापासून काढलेले असे ह्युमिक व फुल्विक पदार्थ शिलाजीत म्हणून खपवणे भेसळ करणाऱ्याला अवघड नाही. आणि समजा माल अस्सल निघाला, तरी त्यात शिसे किती आहे हे ना विस्तव सांगत, ना पाणी. तंबूतला विक्रेता आपल्यासमोर काडी पेटवून दाखवतो तेव्हा माल कदाचित खरा ठरेलही, पण तो सुरक्षित ठरत नाही. सुरक्षितता फक्त प्रयोगशाळेत कळते.

चूर्णाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: सुटे चूर्ण घेऊ नये. शिलाजीत हवेतील ओलावा ओढून घेते, म्हणून ते भुकटीच्या रूपात मोकळे राहण्यासाठी बहुधा दुसरी एखादी कोरडी भुकटी मिसळावी लागते. ती कोणती आणि किती, हे सुट्या पुडीवर लिहिलेले नसते. गमीजचा, म्हणजे चघळायच्या मऊ गोड गोळ्यांचा, अलीकडे बराच गाजावाजा होतो, पण त्यांत शिलाजीत थोडे आणि साखर पुष्कळ, शिवाय लहान मुले त्या खाऊ समजून खातात.

कॅप्सूल किंवा गोळी घेतल्याने गुण कमी येतो असा एक समज आहे. साठीच्या पुढच्या माणसासाठी मला तरी हेच रूप योग्य वाटते, कारण मात्रा ठरलेली असते आणि घटकांची यादी, बॅच क्रमांक व मुदत हे सारे वेष्टनावर असते. एक मात्र पाहावे: कॅप्सूलमध्ये शुद्ध शिलाजीत किती मिलिग्रॅम आहे, की 500 मिलिग्रॅममध्ये अश्वगंधा, गोखरू आणि सफेद मुसळी यांचीच गर्दी आहे.

वेष्टनावरील दोन दाव्यांनी हुरळून जाऊ नये. पहिला फुल्विक आम्लाच्या टक्केवारीचा. ही टक्केवारी मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलते आणि काही जुन्या पद्धती फुल्विक नसलेले पदार्थही त्यातच धरतात, तेव्हा 80 टक्केवाली डबी 50 टक्केवालीपेक्षा सरस असेलच असे नाही. दुसरा दावा ‘84 खनिजे’ हा. साधा हिशेब करू. 500 मिलिग्रॅम शिलाजितात एक पंचमांश खनिजे धरली तरी सर्व मिळून 100 मिलिग्रॅम होतात. प्रौढ माणसाची एकट्या कॅल्शियमची रोजची गरज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे 1000 मिलिग्रॅम आहे. हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी बंद करून शिलाजीत सुरू करणाऱ्या भगिनींना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी तसे करू नये. नाचणी, तीळ आणि दूध यांतून याच्या कितीतरी पट कॅल्शियम मिळते.

आणखी एक गोष्ट घरोघर नजरेआड होते. मधुमेह किंवा लघवीच्या तक्रारींसाठी अनेकांना चंद्रप्रभा वटी चालू असते, काहींना आरोग्यवर्धिनी. या दोन्हींत शिलाजीत आहेच, आणि चंद्रप्रभेत लोहभस्मही आहे. त्यावर आणखी डबीतले शिलाजीत घेणे म्हणजे न कळत मात्रा वाढवणे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांची साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. ज्यांच्या शरीरात लोह साठते त्यांनी, थॅलेसेमियाच्या रुग्णांनी आणि गर्भवती स्त्रियांनी तर वैद्यांना विचारल्याशिवाय त्याला हातही लावू नये. चरकाने शिलाजीत घेणाऱ्याला कुळीथ वर्ज्य सांगितला आहे; ज्यांचा शास्त्रावर विश्वास आहे त्यांनी हुलग्याचे माडगेही त्या काळात बाजूला ठेवावे, कारण शास्त्रातले सोयीचे तेवढेच घेणे बरे नव्हे.

आता तपासणीबद्दल. आयुर्वेदिक औषधांसाठी आपल्याकडे जड धातूंच्या मर्यादा ठरलेल्या आहेत: दहा लाख भागांत शिसे 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 भाग. ही भीती काल्पनिक नाही. 2008 मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेल्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. म्हणून वेष्टनावर ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि बॅच क्रमांक पाहावा, आणि त्याच बॅचचा जड धातूंचा अहवाल कंपनीकडे मागावा. काही उत्पादक तो मागताच पाठवतात. जो पाठवत नाही, त्याचा माल कितीही चकचकीत डबीत असला तरी घेऊ नये. केवळ अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक असेल, तर ते उत्पादन औषध म्हणून नव्हे, अन्न म्हणून विकले जात आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

संपादक महोदय, आपल्याकडे दोन मागण्या आहेत. शिलाजिताच्या जाहिराती स्वीकारताना त्यांत उत्पादन परवान्याचा क्रमांक छापलेला असावा, असा नियम आपण करावा. पौरुषशक्ती वाढवण्याचे दावे तर 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्यानेच निषिद्ध आहेत. आणि या हिवाळ्यात शहरातील तंबूंतून व दुकानांतून नमुने घेऊन ते तपासावेत, तसेच निष्कर्ष बॅच क्रमांकासह जाहीर करावेत, यासाठी संबंधित खात्याकडे आपल्या बातमीदारांनी पाठपुरावा करावा. ते निष्कर्ष मराठीतून छापून आले, तर तंबूसमोर उभ्या राहणाऱ्या आजोबांच्या हातात दाखवायला काही कागद असेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माणशास्त्र अध्यापिका,
राजेंद्रनगर, इंदूर