सही करण्याआधीचं वर्ष

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल दोनदा वाचलं. ‘कसंही करून एक घर घ्यायचं आणि भाड्यानं द्यायचं’ हे वाचताना मागच्या वर्षीचा मीच समोर उभा राहिलो. हसतील म्हणून तू घरी कुणाला सांगितलं नाहीस, पण मला सांगितलंस, हे फार बरं केलंस.

आपण दोघंही 17 वर्षांचे. बहुतेक देशांत 18 पूर्ण होईपर्यंत आपल्या सहीला करारात वजन नसतं. बँक कर्ज देत नाही. मालमत्ता नावावर होऊ शकते, पण व्यवहार पालकांनाच करावे लागतात. म्हणून घरच्यांशी आजच बोल. त्यांच्यापासून लपवून हे होण्यासारखं नाही.

आता तुझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘हप्ता भाडेकरूच भरेल’ असं तू लिहिलंस. मीही वर्षभर हेच धरून बसलो होतो, आणि एका रात्री वही घेऊन मांडलं तेव्हा झोप उडाली. घराची किंमत 100 धर. वर्षाचं भाडं 6 आलं, तर त्यातून एक महिना घर रिकामं राहिलं म्हणून अर्धा (0.5) गेला. कर, देखभाल, रंगकाम, गळती यांत दीड गेला. हातात उरले 4. घराच्या किमतीतले 20 तुझे आणि 80 कर्जाचे असतील, तर 9 टक्के दरानं पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच 7 च्या वर जातं. म्हणजे वर्षाला 3 खिशातून, आणि मुद्दल भरायचं ते वेगळंच!

तेच कर्ज 20 वर्षांचं असेल तर पहिल्या हप्त्याच्या सहा वाट्यांतले पाच व्याजात जातात. दहा वर्षं नियमित भरूनही मुद्दलातले साधारण 71 टक्के शिल्लक असतात. हा आकडा मी तीनदा तपासला, कारण माझा विश्वासच बसेना. शिवाय किंमत फक्त 10 टक्क्यांनी उतरली तरी तुझे 20 निम्म्यावर येतात, कर्ज मात्र तेवढंच राहतं. 2008 साली अमेरिकेत घरांच्या किमती घसरल्या आणि असंख्य घरांवरचं कर्ज घराच्या किमतीहून मोठं झालं, ते याच गणितानं.

म्हणून घर घेऊच नये असं मी म्हणत नाही. भाडं जास्त असेल, व्याज कमी असेल किंवा स्वतःचे पैसे जास्त असतील, तर हेच गणित उलटतं. आपल्याला ते मांडता आलं पाहिजे, एवढंच.

थोडक्या पैशांत सुरुवात करायचीच असेल तर ‘रीट’ बघ. मोठमोठी कार्यालयं, गोदामं, दुकानं यांची मालकी असलेली संस्था, आणि तिचे छोटे हिस्से शेअरसारखे बाजारात विकले जातात. अमेरिकेत 1960 च्या कायद्यानं याची सुरुवात झाली. तिथं करपात्र उत्पन्नातला किमान 90 टक्के भाग हिस्सेदारांना वाटावाच लागतो. भाव खाली-वर होतो, पण गरज पडली तर हिस्सा विकता येतो. घराची एक खोली काही विकता येत नाही. खातं अर्थात पालकांच्या मदतीनंच उघडावं लागेल.

आणि घरात पैसे गुंतवायला शिकवणारं ते महागडं शिबिर, ज्याबद्दल तू लिहिलंस! कृपा करून पैसे भरू नकोस. मी एकात भरले होते. दोन दिवस श्रीमंतीच्या गोष्टी ऐकल्या, पण रिकाम्या महिन्यांचा हिशोब कुणी एकदाही काढला नाही. साठवलेले सगळे पैसे गेले. घरी सांगताना रडू आलं होतं, म्हणून तुला इतक्या कळकळीनं लिहितोय.

त्याऐवजी मी आता करतो ते कर. एकच परिसर निवड. तिथली वीस घरं वहीत लिही: मागितलेली किंमत, मागितलेलं भाडं, क्षेत्रफळ, जाहिरात किती दिवस तशीच राहिली. दर महिन्याला पुन्हा बघ. चार-पाच महिन्यांत मागितलेला भाव आणि खरा भाव यांतलं अंतर दिसायला लागतं. कुणी ओळखीचं घर घेत असेल तर कागदपत्रं बघायला सोबत जा. मालकी कुणाकडून कुणाकडे आली, घर गहाण आहे का, वारसांचा वाद आहे का, हे वकील कसं शोधतात ते शांतपणे ऐक. मला एका दुपारी त्यातून जेवढं कळलं, तेवढं त्या शिबिरात कळलं नाही.

तू ज्या घराबद्दल लिहिलंस त्याचं भाडं, कर आणि देखभालीचा खर्च विचारून ठेव. रविवारी मी वही घेऊन येतो. तुझ्या घरच्यांसमोरच मांडू.

तुझाच,
जिवलग मित्र