संगणक नसलेल्या शाळेतही संगणकाचा तास होऊ द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो. संगणकाचा तास म्हणजे कीबोर्ड, माऊस, मॉनिटर ही नावे पाठ करायची आणि वीज असली तर चित्र रंगवायचे. हे यंत्र कुणाला, कोणत्या नडीपोटी सुचले, ते मुलांना कळतच नाही. म्हणून विनंती आहे, की पाचवी ते आठवीला संगणकाचा इतिहास शिकवा, आणि तो गुप्त लिपीच्या वाटेने शिकवा.

'कमल'चे 'चमलक' करून 'च'च्या भाषेत बोलणारी पोरे वर्गात असतातच. ज्युलियस सीझर अक्षरे तीन घरे पुढे सरकवून निरोप लिहायचा, म्हणजे आपल्या 'क'चा 'घ', एवढे सांगितले की चिठ्ठ्या सुरू होतात. खरी मजा पुढे आहे: किल्ली ठाऊक नसताना चिठ्ठी कशी फोडायची? वाक्यांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा दिसली, तर तिथे 'आहे' असेल असा अंदाज बांधता येतो.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये, म्हणजे शत्रूचे गुप्त संदेश फोडण्याच्या केंद्रात, याच जातीचा अंदाज चालला. जर्मनांच्या हवामानाच्या संदेशात 'हवामान' हा शब्द येणारच, हे तिथले लोक धरून चालत. एनिग्मा या जर्मनांच्या गुप्त लिपीच्या यंत्रातून कोणतेही अक्षर त्याच अक्षराच्या रूपात कधीच बाहेर पडत नसे. त्यामुळे तो शब्द संदेशाखाली सरकवत नेला, की जिथे एखादे अक्षर जुळे त्या अशक्य जागा आपोआप गळत. हे मुलांना पेन्सिलीने करता येते! त्यावरून एनिग्माच्या मांडणीच्या शक्यता तपासायला अॅलन ट्युरिंग यांनी 'बॉम्ब' हे यंत्र आखले. त्याआधी 1932 मध्येच पोलंडच्या मारियन रेयेव्स्की यांनी गणिताच्या जोरावर एनिग्माची आतली जोडणी शोधली होती. 1944 मध्ये ब्लेचलीत चालू झालेले कोलोसस हे यंत्र तर आजच्या संगणकाच्या पूर्वजांत मोडते. ते लॉरेन्झ या वेगळ्या जर्मन यंत्राचे संदेश फोडण्यासाठी होते.

आणि खान्देशाला यात परके काहीच नाही. महानुभाव पंथाच्या सकळ या गुप्त लिपीची उकल इतिहासाचार्य राजवाडे यांनी केली. ते 1926 मध्ये धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही इथेच आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, तसा शिलालेख आहे. त्यांच्या 'लीलावती'तल्या अंकपाशात, म्हणजे अदलाबदलीच्या गणिताच्या प्रकरणात, शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधे किती प्रकारे बदलता येतील असे विचारले आहे. उत्तर 36,28,800. दहा अक्षरांची अदलाबदल करणाऱ्या लिपीच्या किल्ल्याही तेवढ्याच.

बालभारतीने यावर एक छोटी पुस्तिका काढावी, कोडी अहिराणी, भिली, पावरीतही असावीत. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांत शिक्षकांचे प्रशिक्षण व्हावे. राजवाडे मंडळाची आणि पाटणची सहल शाळेच्या वार्षिक नियोजनात यावी. संगणक खरेदीची वाट पाहू नये. येत्या जूनपासून या तीन जिल्ह्यांत सुरुवात करण्याचा आदेश द्यावा.

आपला नम्र,
धुळे जिल्ह्यातला एक गणित शिक्षक