तळखड्याभोवतीची टाइल

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे ठाऊक आहे. पण आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारात वाचून दाखवणारा कुणीही भेटेल, म्हणून मराठीतच लिहिते. शेजारचं काम उरकून तुम्ही गावी गेलात, फोन लागत नाही. आभार राहून गेले, ते असे चारचौघांत मानते.

आमची मोरी आणि स्वयंपाकघर अर्धवट टाकून ठेक्याचा माणूस गेला, तेव्हा मागे राहिल्या मोरबीच्या टाइल्सच्या अकरा पेट्या आणि घरभर धूळ. तो ग्राइंडरने कोरडंच कापायचा. लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावरसुद्धा पांढरा थर! तुम्ही शेजारून डोकावलात, ओट्यावर बोट फिरवलंत आणि खंभातच्या अकीक दगड घासणाऱ्यांची गोष्ट सांगितलीत. अशीच दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन त्यांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. संध्याकाळी तुमचं टाइल कापायचं पाण्याचं मशीन आमच्या अंगणात आलं. ब्लेडचा खालचा भाग पाण्यात बुडालेला, त्यामुळे ब्लेड तापत नाही आणि धूळ उडायच्या आत चिखल होते. सयाजीरावांच्या आजवा तलावाचं पाणी या कामालाही येईल, असं वाटलं नव्हतं.

मला वाटलं, तुम्ही कापाल आणि मी बघेन. तुम्ही मला बांगड्या काढायला लावल्यात, ओढणी खुंटीला, डोळ्यांना चष्मा. वायरला प्लगच्या आधी खाली झोळ दिलात, म्हणजे ओघळ आला तरी थेंब तिथेच गळून पडेल. आणि फुटक्या तुकड्यांचा ढीग पुढे सरकवून म्हणालात, "बेन, पहेलां आ बगाडो."

मी मनसोक्त बिघडवले. सरळ काप सोपा वाटला, तर शेवटच्या बोटभर अंतरात कोपरा उडाला. मग कळलं, टोकाशी हात हलका करायचा आणि दोन्ही तुकड्यांना आधार द्यायचा. जोर लावला की तुम्ही एवढंच म्हणायचात, "मशीनने खावा दो", मशीनला खाऊ द्या. रेघेवरून कापलं तर टाइल दोनेक मिलिमीटर कमी भरते, कारण तेवढं ब्लेडच खातं. चाळीस वर्षं शिवणकाम करून शिलाईचं माप सोडणारी मी, आणि इथे चुकले!

दाराच्या चौकटीपाशी एलचा काप. ब्लेड गोल, त्यामुळे वरची रेघ कोपऱ्यापर्यंत पोचते तेव्हा खालच्या अंगाला काप पुढे गेलेला असतो. तो सिमेंटच्या बाजूला लपतो, म्हणून रेघ नेहमी चकाकत्या बाजूला मारायची आणि तीच बाजू वर ठेवायची. ओट्याच्या कडेला पिस्तालीस, म्हणजे पंचेचाळीस अंशांचा तिरका काप, मारताना ग्लेझ, म्हणजे वरचा चकाकता थर, केसभर राखायचं, नाहीतर कड दातरी होते. माझ्या दोन कडा दातऱ्या आहेत. तिथे मी गॅसचा लायटर ठेवते. स्विचबोर्डासाठी टाइलच्या मधोमध खिडकी पाडायचं काम मात्र तुम्ही मला करू दिलं नाहीत, आणि बरंच केलंत.

पण खरी कसोटी खांबाची. सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळचा सागवानी खांब, खाली गोल दगडी तळखडा. ठेकेदाराचा माणूस म्हणाला होता, चौकोन कापून बाकी सिमेंट भरू. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. तुम्ही पुठ्ठ्याचा साचा कापून घेतलात, रेघ टाइलवर उतरवलीत आणि मला रेघेपर्यंत शेजारी शेजारी चिरा घालायला लावल्यात, अगदी फणीच्या दातांसारख्या. मग पकडीने एकेक दात मोडायचा आणि उरलेले खुंट दगडाने घासून गोलाई आणायची. चार टाइल्स फुटल्या. प्रत्येक वेळी वाटलं, आता काका मशीन ओढून घेतील. तुम्ही विडी पेटवून जिन्यावर बसून राहिलात. पाचवी बसली.

माझ्या हातून कुणी काम काढून घेतलं नाही, असं फार कमी वेळा झालंय, काका. घरात पुरुष माणूस असला की स्क्रू ड्रायव्हरसुद्धा आपल्या हातात राहत नाही. पैशांचं विचारलं तर तुम्ही दोन कप चहा सांगितलात, तोही बिनसाखरेचा.

शेवटची ताकीदही पाळली आहे. मशीनचं गढूळ पाणी मोरीत ओतलं नाही. बादलीत रात्रभर ठेवलं, वरचं निवळ झाडांना घातलं, खालचा गाळ वाळवून फेकला. नळी तुंबली नाही.

तुमचा घासायचा दगड इथेच राहिलाय. धुऊन, कापडात गुंडाळून देवघराच्या फळीवर ठेवला आहे. दिवाळीनंतर याल तेव्हा घेऊन जा. आणि तळखड्यामागे, कुणाला दिसत नाही तिथे एक टाइल थोडी वाकडी बसली आहे, ती काढायची की राहू द्यायची तेवढं बघा.

तुमची,
मोरीवाल्या बेन