ब्रायटनची पागा आधी, राजवाडा मागाहून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या रॉयल पॅव्हेलियनवरचा प्रवासलेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत. पण जॉन नॅशने बांधलेला हिंदुस्थानी थाटाचा राजवाडा, एवढ्यावरच लेख थांबतो. हा थाट तिथे आला कुठून? तर शेजारच्या पागेतून, आणि तिचा लेखात उल्लेखही नाही.

इंग्लंडमधल्या बड्या घरांची पागा आणि गाडीखाना सहसा मागच्या अंगाला असे. फरसबंद चौक, बग्गी सरळ आत जाईल असे रुंद दुपाखी दरवाजे, माळ्यावर गवत आणि नोकरांच्या खोल्या. सगळे कामापुरते. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या युवराजाने मात्र भलताच प्रकार केला. स्वतः हेन्री हॉलंडने बांधलेल्या ग्रीक-रोमन वळणाच्या घरात राहत असतानाच त्याने विल्यम पॉर्डन या वास्तुविशारदाकडून १८०३ ते १८०८ या काळात घोड्यांसाठी तब्बल ८० फूट व्यासाचा घुमट बांधून घेतला. (कर्जबाजारी माणसाची हौस!) खाली गोलाकार साठेक घोडे, वर सज्जाला लागून मोतद्दारांच्या खोल्या, मधोमध घोड्यांना पाणी पाजायचे कारंजे.

घुमटाचा सांगाडा लाकडी फासळ्यांचा, आणि फासळ्यांच्या मधून काचेतून उजेड. ही युक्ती पॅरिसच्या धान्यबाजाराच्या घुमटावरून घेतलेली. तो १८०२ मध्ये जळून गेला होता, तरी पॉर्डनने लाकूडच वापरण्याची हिंमत केली. बाहेरच्या कमानी-मनोऱ्यांचे वळण हिंदुस्थानी. पॉर्डन स्वतः हिंदुस्थानात कधी आलेला नव्हता. डॅनियल काका-पुतण्यांनी इथल्या इमारतींची काढलेली चित्रे तेव्हा तिकडे गाजत होती.

नॅशने हॉलंडच्या त्या घरावर घुमट चढवून आजचा राजवाडा करायला घेतला १८१५ मध्ये, म्हणजे पागा उभी राहिल्यावर सात वर्षांनी. मला विचाराल तर त्याच्या लोखंडी सांगाड्यावरच्या कांदेघुमटांपेक्षा पागाच सरस. तिथे नुसती सजावट नाही, छत पेलण्याची करामत आहे. म्हणूनच १८५० मध्ये नगराने सगळी मिळकत विकत घेतल्यावर पागेचे सभागृह सहज झाले. १९७४ ची युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा स्वीडनच्या ‘ॲबा’ गायकवृंदाने जिंकली ती याच छताखाली.

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती. डिसेंबर १९१४ पासून सुमारे वर्षभर राजवाड्यात, या घुमटाखाली आणि शेजारच्या घोडेस्वारीच्या दालनात फ्रान्सच्या आघाडीवरून आलेल्या जखमी हिंदी सैनिकांचे इस्पितळ होते. स्वयंपाकघरे वेगवेगळी, हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळही वेगळे. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या पथकाच्या कंपन्याही त्या आघाडीवर लढत होत्या. मृत हिंदू व शीख सैनिकांचे दहन शहराबाहेरच्या टेकडीवर होई. तिथे १९२१ मध्ये उभारलेली संगमरवरी ‘छत्री’ मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या वास्तुविशारदाने आखलेली आहे. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर पागा आणि छत्री या दोन्हींना त्यात जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डोंबिवली